कलिंगडाचा पिक्चर

टक् करून रिमोटच्या पाठीचं झाकण फरशीवर पडलं, आणि एक सेल घरंगळत दिवाणाखाली गेला.

कोमलने आधी प्रणितकडे पाहिलं. पाच वर्षांचं पोर, तासभर मांडीवर थोपटल्यावर आत्ता कुठे झोपलं होतं. त्याने कूस बदलली आणि पुन्हा निपचित झालं. मग तिने आईकडे पाहिलं. गंगाबाई अर्धा रिमोट हातात धरून टीव्हीसमोर उभी होती, नाक काचेला लागेल इतकी जवळ. आवाज बंदच होता. करंजाड्याच्या त्या घरात पोराच्या झोपेपायी दुपारचा टीव्ही नेहमी मुकाच चाले.

“कोमल, बाय, बग,” गंगाबाई कुजबुजली. “कलिंगडाचा पिक्चर.”

पडद्यावर एका घराचा उंबरठा होता. शिवणयंत्रावर वाकलेली एक बाई, आणि तिच्या पाठीमागे सताड उघडं दार. ‘रविवारी दुपारी बारा वाजता’ अशी अक्षरं खालून पळत गेली आणि लगेच साबणाची जाहिरात लागली. गंगाबाई साबणाकडेही तशीच बघत राहिली.

कलिंगडाचा पिक्चर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गंगाबाईला एकाही पिक्चरचं नाव ठाऊक नव्हतं. ती पिक्चर ओळखायची ते बघायला गेलेल्या दिवसावरून. चप्पल तुटली तो पिक्चर. कंडक्टर भांडला तो पिक्चर. दादूच्या शर्टाला बर्फाच्या भुशाचा वास येत होता तो पिक्चर. कोमलने लहानपणी हीच नावं ऐकली होती. ती शाळेत जाऊन मैत्रिणींना सांगायची, आणि मैत्रिणी तोंडात मारल्यासारख्या गप्प व्हायच्या, कारण हे पिक्चर त्यांच्यापैकी कुणीच पाहिलेले नसायचे.

कोमलचे वडील, दादू, पनवेलला बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. घर खाडीकाठच्या गावात. महिन्यातून एखाद्या शनिवारी गंगाबाई दुपारची मासळी विकून, हातपाय घासूनपुसून, पातळ बदलून एसटीने पनवेलला यायची आणि दोघं सहाच्या खेळाला बसायची. कारखान्यातली पाळी पाचला सुटे, त्यामुळे तीनचा खेळ जमत नसे. सहाचा खेळ सुटायचा नऊला. गावाकडे जाणारी शेवटची एसटी होती पावणेनऊची. म्हणजे साडेआठ वाजले की दादूने गंगाबाईच्या हाताला हात लावायचा, आणि दोघांनी अंधारात लोकांच्या गुडघ्यांवरून, शिव्या खात बाहेर पडायचं. नवऱ्याला फाशी होणार असो नाहीतर हरवलेली बहीण समोर येऊन उभी असो, साडेआठ म्हणजे साडेआठ.

लग्नानंतरच्या दहा-बारा वर्षांत त्या दोघांनी एकही पिक्चर शेवटपर्यंत पाहिला नाही.

पण शेवट घरी यायचा. दादू सोमवारी कामावर जाताना थेटराच्या डोअरकीपरला गाठायचा, शेवट विचारून घ्यायचा आणि संध्याकाळी गंगाबाईला सांगायचा. ती ओट्यावर मासळी साफ करत बसलेली, हा समोर पाटावर. नुसतं सांगणं नव्हे. वकील झाला की आवाज बदले, म्हातारी झाली की पाठ वाके. पुढे थेटराला जाणं थांबलं तरी सांगणं थांबलं नाही. कोमल त्यातच वाढली. तिच्या लेखी वडील म्हणजे पिक्चरचा उरलेला अर्धा तास.

म्हणूनच की काय, कोमलची पिक्चरबद्दल मतं फार पक्की होती. तिचा नवरा कुमार न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर. त्याला नवे पिक्चर आवडत. सुट्टीच्या दिवशी तो तिला खारघरला मॉलमध्ये घेऊन जाई, पॉपकॉर्नच्या किमतीवर कुरकुरत. परतताना गाडीवर दोघांचं ठरलेलं भांडण होई. कुमार म्हणे, जुन्या पिक्चरमध्ये नुसतं रडणं, आजकाल कसं खऱ्यासारखं दाखवतात. कोमल म्हणे, खऱ्यासारखं बघायला तिकीट कशाला काढू, ते तर बाल्कनीतून दिसतं. नव्या पिक्चरात माणसं शेवटी विमानतळावर नाहीतर हायवेवर उभी राहतात आणि दिवे लागतात. त्यांचं पुढे काय झालं ते आपण चपला शोधताना ठरवायचं. जुन्या पिक्चरमध्ये शेवटी माणसं घरी पोचायची. रडून, पडून, उशिरा, पण पोचायची.

“तू किती जुने पिक्चर बघितलेस गं पूर्ण?” कुमारने एकदा विचारलं होतं.

कोमलने मोजायला सुरुवात केली, आणि विषय बदलला.

दादू गेल्या वर्षी गेले. गंगाबाई लेकीकडे राहायला आली. कुमारने हौसेने डिश बसवली, आणि चॅनेलांवर दुपारी जुने पिक्चर लागायला लागले. फाल्गुनात एकदा प्रणितला भात भरवता भरवता कोमलने पाहिलं, चप्पल तुटली तो पिक्चर. तोच खोडकर टांगेवाला, तीच त्याची आंधळी बहीण. शेवटी टांगेवाला पुलावर मरून पडला. कोमलच्या हातातला घास तसाच राहिला. वडिलांनी सांगितलेल्या शेवटात तो हॉस्पिटलात उठून बसला होता आणि बहिणीच्या लग्नात नाचलाही होता. आपणच दोन पिक्चरची गल्लत करतोय, असं तिने मनाशी म्हटलं. महिन्याभराने कंडक्टर भांडला तो पिक्चर लागला. त्यातली म्हातारीही घरी पोचली नाही. दोन्ही वेळा गंगाबाई शेजारी देवळात गेलेली होती, एवढंच नशीब.

आणि आता कलिंगडाचा.

बाकी पिक्चरांचं एक आणि ह्याचं एक. कोमलच्या आधी घरात एक मुलगा होता, काशिराम. तीन वर्षांचा असताना तापाने गेला. त्याचा फोटोसुद्धा नव्हता. तो गेल्यावर वर्षभर गंगाबाईने उंबरठा ओलांडला नाही. मासळीची पाटी कोपऱ्यात उपडी पडून राहिली. शेवटी दादू पोस्टर बघून आला, शिवणयंत्रावर बसलेली हसरी आई आणि तिच्या गळ्यात पडलेलं पोर. घरगुती दिसतोय, म्हणाला, आणि बायकोला जवळजवळ ओढत घेऊन गेला. पिक्चरमधलं पोर मोठं होऊन आगबोटीवर नोकरीला लागतं. त्याची पत्रं यायची थांबतात. आई लोकांचे कपडे शिवते आणि तो येईपर्यंत दाराला कडी लावायची नाही असं ठरवते. एवढ्यावर साडेआठ वाजले. स्टँडवर गाडी अर्धा तास उशिरा आली. दादूने कलिंगड घेतलं, दोघांनी फाटकाच्या भिंतीला टेकून खाल्लं, आणि वर्षभरात पहिल्यांदा गंगाबाई बोलली. त्या पोराचं काय झालं असंल हो, इतकंच.

सोमवारी दादूने शेवट आणला. आई पाठमोरी मशीन चालवतेय. दारात पोरगा. तो ‘आई’ म्हणून हाक मारत नाही. तो म्हणतो, ‘भूक लागली.’

दुसऱ्या दिवशी गंगाबाईने पाटी सुलटी केली. हे तिनेच कोमलला कितीदा सांगितलं होतं. कोमल शाळेतून येऊन ‘आये, भूक लागली’ म्हणाली की गंगाबाईचा हात क्षणभर थांबायचा, मग ताट वाढलं जायचं. आता प्रणित म्हणाला तरी थांबतो.

रिमोटचं झाकण फेविक्विकनेही बसेना. गुरुवारी प्रणितला आईपाशी ठेवून कोमल पनवेलच्या बाजारात गेली. थेटर केव्हाच बंद पडलं होतं. त्या जागी आता कपड्यांचे सेल लागत. शेजारीच ओवेसचं मोबाईल-रिमोटचं दुकान होतं, आणि दुकानात पंख्याखाली खुर्ची टाकून ओवेसचे वडील बसलेले असत. मुश्ताकचाचा. एकेकाळचे त्याच थेटराचे डोअरकीपर. कोमल त्यांना ओळखत होती ते वडिलांच्या मयतीला आले होते म्हणून.

“दादूची मुलगी ना तू,” ते म्हणाले. “बस बेटा. ओवेस, चहा सांग.”

ओवेस रिमोट शोधत होता तेवढ्यात कोमलने विचारून टाकलं. शिवणयंत्रवाल्या बाईचा पिक्चर आठवतो का, आणि त्याचा शेवट काय होता.

म्हातारा खुदकन हसला. “शेवटच तर आठवतो बेटा. मला सुरुवात कुठली ठाऊक.”

मग त्यांनी जे सांगितलं ते कोमलला नवीन होतं. पंचवीस वर्षं त्यांनी त्या दारावर काढली, पण पिक्चर सुरू झाला की ते बाहेर. उशिरा येणाऱ्यांची तिकिटं फाडायची, बिनतिकिटवाले हुसकायचे, मध्यंतरात गर्दी आवरायची. शेवटचा अर्धा तास राहिला की दारं उघडायला म्हणून आत, दाराच्या पडद्याआड जाऊन उभं राहायचं. चारही खेळांना तेच. म्हणजे त्यांनी पाहिले ते नुसते शेवट. कोण कुणाला मारतंय, का मारतंय, पत्ता नाही. सोमवारी दादू यायचा तेव्हा दोघं पायरीवर बसायचे. दादू सुरुवात सांगायचा, मुश्ताक शेवट. दादू वर दोन सुके बोंबीलही द्यायचा, पण ते दोस्तीतले. सौदा बरोबरीचा होता.

“मग ह्या पिक्चरचा?” कोमलने विचारलं.

मुश्ताकचाचांनी चहाचा कप खाली ठेवला. दोन माणसं पेटी घेऊन येतात, ते म्हणाले. पोराची पत्र्याची पेटी. ओट्यावर ठेवतात आणि खाली मान घालून निघून जातात. बाई पेटी उघडत नाही. उठून मशीनवर बसते. पिक्चर संपला.

त्या सोमवारी दादूने ते ऐकलं आणि कितीतरी वेळ पायरीवर बसून राहिला. कारखान्याचा भोंगा वाजला तरी उठला नाही. मग म्हणाला, मुश्ताक, हा घरी नेता येणार नाही. दुसरा बनव.

“आम्ही दोघांनी बनवला,” म्हातारा म्हणाला. “पोराला दारात आणून उभं केलं दादूने. पण तो बोलेल काय? दादूला सुचेना. माझं घर तेव्हा पाच लेकरांचं. मी म्हटलं, अरे, पोरगं बाहेरून आलं की काय बोलतं? ‘भूक लागली’ बोलतं. झालं. तो उठला आणि पळत कामावर गेला.”

मग त्यातून सवयच लागली म्हणे. सोमवारी शेवट तपासायचा, चांगला असेल तर जसाच्या तसा पाठवायचा, नसेल तर पायरीवर बसून दुरुस्त करायचा.

“चांगल्याला कधी हात नाही लावला हां,” मुश्ताकचाचा जरा घाईने म्हणाले. “बेइमानी नाही केली.”

रिमोटचे पैसे त्यांनी ओवेसला घेऊ दिले नाहीत. कोमल रिक्षात बसली तेव्हा तिला आपली सगळी मतं आठवली, गाडीवर कुमारशी तावातावाने मांडलेली. जुन्या पिक्चरमध्ये माणसं घरी पोचायची. पोचायची खरी, पण बर्फाच्या कारखान्यातला एक कामगार आणि तिकिटं फाडणारा एक माणूस त्यांना पोचवत होते. तिला हसू आलं आणि रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला.

आता प्रश्न रविवारचा होता. आईने शेवट पाहिला तर काशिराम पुन्हा जाईल, आणि ह्या खेपेला बरोबर दादूही. दादू गेल्यापासून आईने त्यांच्याबद्दल एक शब्दही वाईट ऐकून घेतला नव्हता. कोमलने उरणला मावशीकडे जाऊ म्हणून पाहिलं. गंगाबाई म्हणाली सोमवारी जाऊ. देवळात भजन आहे म्हणून पाहिलं. गंगाबाई म्हणाली देव कुठं पळतो. कुमारला तिने सगळं सांगितलं. त्याची रविवारी ड्युटी होती. डबा बांधता बांधता तो म्हणाला, टीव्हीच्या मागची काळी वायर थोडी ढिली केली की सिग्नल जातो, वादळ आहे म्हणून सांग. वैशाखात कसलं वादळ, ती म्हणाली. पण वायर कुठली ते तिने बघून ठेवलं.

रविवारी सकाळीच गंगाबाई जाऊन कलिंगड घेऊन आली. स्वतः टिचक्या मारून निवडलेलं. ते पाण्याच्या बादलीत थंड करत ठेवलं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली, केसांत अबोलीचा गजरा माळला. प्रणितने विचारलं, आजी कुठे चाललीस. गंगाबाई म्हणाली, थेटरात, आणि दिवाणावर मांडी घालून बसली.

कोमल मुद्दाम टीव्हीच्या बाजूच्या खुर्चीत बसली, हात मागे पोचेल अशी. आज आवाज होता. पिक्चर सुरू झाला आणि तिला वाटलं होतं त्याहून तो चांगला निघाला. संथ होता. कुमार असता तर दहा मिनिटांत झोपला असता. पण ती बाई सुई ओवायची तेव्हा कॅमेरा घाई करत नसे. दोरा एकदा चुके, दोनदा चुके, तिसऱ्यांदा जाई, आणि बघणाऱ्याचाही श्वास सुटे. हल्ली कोण एवढं थांबतं. गंगाबाई मध्येमध्ये सांगत होती, हितं तुजा बाप हसला, हितं मागचा माणूस खोकला. पंचेचाळीस रुपयांच्या कलिंगडासाठी प्रणित तीनदा बादलीपाशी जाऊन आला.

पोरगा आगबोटीवर गेला. पत्रं आली, मग आली नाहीत. बाईने रात्री दाराची कडी काढून ठेवली. कोमलचा हात वायरीवर गेला. बोटांना धूळ लागली. तिने आईकडे पाहिलं. आई पुढे सरकून, हनुवटी तळहातावर टेकून बघत होती, डोळे एखाद्या नव्या नवरीसारखे. ह्या चेहऱ्यासमोरून पिक्चर काढून घ्यायचा म्हणजे जेवत्या माणसापुढचं ताट ओढायचं. कोमलला वायर ओढवेना आणि सोडवेना.

पडद्यावर शेजारीण आली आणि म्हणाली, कडी लाव गं, चोर येतील. बाई म्हणाली, येऊ देत, कुणीतरी येऊ दे.

आणि गंगाबाई उठली.

तिने लुगडं झटकलं, पदर खोचला, जणू कुणीतरी हाताला हात लावला होता. “चल रे प्रनित, कलिंगड कापू.”

“आये,” कोमलच्या तोंडून निघून गेलं, “अजून आहे. शेवट राहिलाय.”

“हितपर्यंतच बगितला आमी,” गंगाबाई म्हणाली. “फुडचा तुज्या बापानं सांगलाय मना.”

“बघ ना पण आता. आता कुठे गाडी पकडायची आहे?”

गंगाबाई दारात थांबली. तिने टीव्हीकडे पाहिलं नाही, कोमलच्या टीव्हीमागे गेलेल्या हाताकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “त्यानं सांगला तोच बरा हाय.”

मग ती नातवाला घेऊन स्वयंपाकघरात गेली. कोमल तिथेच बसून राहिली. आईला काय ठाऊक होतं, कधीपासून, की काहीच ठाऊक नव्हतं, हे त्या चेहऱ्यावरून तिला वाचता आलं नाही. तिने वायर सोडली आणि सवयीने आवाज बंद केला.

आतून सुरीचा आवाज आला, कलिंगड तडकल्याचा. मग गंगाबाईचं सांगणं सुरू झालं. आई अशी पाठमोरी बसलेली, मशीन खटखट करतेय, आणि दारात कोण उभा, सांग. दादूचाच सूर. पाठही तशीच वाकवली असणार. प्रणित म्हणाला, चोर. गंगाबाई म्हणाली, चोर नाय रं, तिचा पोर. दाढी वाढल्याली, पाय धुळीनं भरल्याले. आणि काय बोलला ठाव हाय?

कोमलच्या समोर पडद्यावर दोन माणसं पेटी घेऊन आली. मुश्ताकचाचांनी सांगितलं तशीच पत्र्याची. एका कोपऱ्याला पोचा आलेला होता, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. माणसांनी पेटी ओट्यावर टेकवली, टोप्या हातात घेतल्या आणि निघून गेली. बाई कितीतरी वेळ पेटीकडे बघत राहिली. मग उठली, मशीनवर बसली, सुईत दोरा घालू लागली. एकदा चुकला. दोनदा चुकला. तिच्या मागे दार तसंच होतं, सताड.

आत गंगाबाई म्हणत होती, मग तिनं त्याला वाडलं, गरम भात, वर खाडीतल्या निवटीचं कालवण, आणि तो जेवला, पोटभर जेवला.

प्रणित धावत बाहेर आला. हनुवटीवरून लाल पाणी ओघळत होतं, एक काळी बी गालाला चिकटली होती. तो आईच्या मांडीला रेलून उभा राहिला आणि टीव्हीकडे बघू लागला. कोमलने पदराने त्याची हनुवटी पुसली, बी काढून मुठीत धरली.

“मम्मी,” तो म्हणाला, “आजी बोलली तो आला. जेवला पण. मग ही अजून दार का नाही लावत?”